चेलोचे तपस्वी : पाब्लो कासाल्स

स्पेन देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, भूमध्य समुद्राच्या काठी, कातालोनिया हा प्रांत आहे. तेथील लोकांची भाषा कातालान. ती स्पॅनिशहून वेगळी, आणि आपल्या भाषेचा या लोकांना कडवा अभिमान. या प्रांतातील एल वेंद्रेल नावाच्या लहानशा गावी २९ डिसेंबर १८७६ रोजी पाब्लो कासाल्स यांचा जन्म झाला. जगाने त्यांना पाब्लो या स्पॅनिश नावाने ओळखले. घरचे कातालान नाव मात्र पाउ. त्या भाषेत पाउ म्हणजे पॉल, आणि पाउ म्हणजे शांतताही. नावाचा हा दुसरा अर्थ पुढे त्यांच्या आयुष्यात किती खरा ठरणार होता, याची त्या दिवशी कोणास कल्पना असणार!

वडील कार्लेस कासाल्स हे गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि तेथील गायकवृंदास शिकवीत. मिळकत बेताची. आई पिलार देफियो यांचा जन्म अमेरिका खंडातील पोर्तो रिको बेटावर, कातालान आईबापांच्या पोटी झाला होता. या दांपत्याला अकरा अपत्ये झाली. त्यांतील बहुतेक अल्पवयातच गेली. पाब्लोला संगीताचे पहिले धडे वडिलांकडून मिळाले. पाचव्या वर्षी तो चर्चच्या गायकवृंदात गाऊ लागला. पियानो, व्हायोलिन, बासरी, आणि पाय पुरू लागताच ऑर्गन, अशी वाद्ये त्याच्या हाती एकामागून एक आली.

गावात एकदा फिरते वादक आले. त्यांच्यापैकी एकाने झाडूच्या दांड्याला तार लावून एक वाद्य बनविले होते. मुलाने घरी येऊन त्याचे इतके रसभरित वर्णन केले की, वडिलांनी एका सुक्या भोपळ्याला दांडी व तार बसवून तसेच वाद्य त्याला करून दिले. तंबोरा आणि सतार ज्या देशात भोपळ्यातून घडतात, तेथील वाचकाला ही हकीकत वाचून गंमत वाटेल. विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ चेलोवादकाचे पहिले वाद्य भोपळ्याचे होते, आणि ते आजही जपून ठेवलेले आहे.

खरा चेलो त्याने अकराव्या वर्षी ऐकला. बार्सेलोनाहून आलेल्या जोसेप गार्सिया या वादकाचा कार्यक्रम गावात झाला. त्या स्वराने मुलाला झपाटले. वडिलांचे मत निराळे होते. संगीतावर पोट भरत नाही हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. मुलाला सुतारकामास लावावे असा त्यांचा विचार होता. आईने तो मानला नाही. घरात यावरून बरेच वाद झाले. शेवटी १८८८ मध्ये आई मुलाला घेऊन बार्सेलोनास गेली आणि तेथील नगरपालिकेच्या संगीतशाळेत त्याचे नाव घातले. सुदैवाने चेलोचे शिक्षक म्हणून तेच गार्सिया लाभले.

चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातील, पण आकाराने कितीतरी मोठे वाद्य. वादक खुर्चीवर बसून ते दोन गुडघ्यांमध्ये धरतो आणि गज आडवा फिरवितो. आवाज पुरुषी, भरदार, मानवी कंठाच्या फार जवळचा. आपल्याकडे हे वाद्य कानी पडले ते मुख्यतः मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांतून, आणि त्यात गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा होता. नाव माहीत नसले तरी त्याचा गंभीर सूर पुष्कळांनी ऐकलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातही चेलोला दुय्यम मान होता. वाद्यवृंदात साथ करावी, फार तर एखादी भावविवश चीज वाजवावी, एवढाच त्याचा अधिकार समजला जाई. शिकवण्याची रीतही विचित्र होती. उजवा कोपर अंगाला चिकटून राहावा म्हणून विद्यार्थ्याच्या काखेत पुस्तक धरावयास लावीत. पुस्तक पडले की चूक! डाव्या हाताची बोटेही आखडलेली; एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना सारा हात तारेवरून घसरत न्यावा लागे आणि मधले नको असलेले सूर ऐकू येत.

बारा-तेरा वर्षांच्या पाब्लोला हे पटेना. तो एकट्याने बसून निराळे प्रयोग करू लागला. उजवा हात खांद्यापासून मोकळा सोडला, तर गजाला जोरही मिळतो आणि हलकेपणाही येतो. डाव्या हाताची बोटे फाकवून दूरचा स्वर जागच्या जागी घेतला, तर घसरावे लागत नाही. आज चेलो शिकणाऱ्या प्रत्येकाला या गोष्टी पहिल्या वर्षातच सांगितल्या जातात, म्हणून त्यात काही विशेष वाटत नाही. त्या वेळी तो अविनय होता. गार्सिया यांचे मोठेपण असे की, आधी चकित होऊनही त्यांनी शिष्याला अडविले नाही.

खर्च भागविण्यासाठी मुलगा संध्याकाळी कॅफे तोस्त नावाच्या उपाहारगृहात वाजवीत असे. तेथे चालू नाचगाण्याच्या चिजा वाजवाव्या लागत. त्याने मालकाचे मन वळवून आठवड्यातील एक संध्याकाळ अभिजात संगीतासाठी राखून घेतली, आणि त्या संध्याकाळी ऐकावयास गर्दी होऊ लागली. या कार्यक्रमांसाठी नव्या रचनांचा शोध चालू असतानाच १८९० मध्ये ती प्रसिद्ध घटना घडली. वडील भेटीस आले होते. पितापुत्र बंदराजवळच्या एका जुन्या दुकानात स्वरलिपीची बाडे चाळीत होते. त्या ढिगातून योहान सेबास्टियन बाख यांच्या एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या सहा सुइट हाती आल्या. त्या अस्तित्वात आहेत हेदेखील त्याला कोणी सांगितले नव्हते. याच भेटीत वडिलांनी त्याला पूर्ण आकाराचा पहिला चेलो घेऊन दिला.

कासाल्स यांनी बाखच्या या रचना विस्मृतीतून वर काढल्या असे सरसकट लिहिले जाते. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. त्या छापलेल्या होत्या. जाणकारांना ठाऊक होत्या. त्यांतील सुटे भाग, कधी पियानोची साथ जोडून, वाजविलेही जात. पण बोटांच्या व्यायामापलीकडे त्यांना किंमत नव्हती. कोणतीही साथ नसलेल्या एका चेलोने संपूर्ण सुइट सभेत सादर करावी आणि श्रोत्यांनी ती ऐकावी, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. कासाल्स यांनी तरी ती घाईने कोठे वाजविली? सुमारे बारा वर्षे ते या सुइट रोज एकांतात घोकीत राहिले, आणि वयाच्या पंचविशीत प्रथम एक संपूर्ण सुइट लोकांपुढे वाजविण्याचे धैर्य त्यांनी केले. एकाच रागाची वर्षानुवर्षे मेहनत करणाऱ्या आपल्या जुन्या गवयांना या संयमाचे मर्म लगेच उमगले असते.

कॅफेमध्ये या मुलाला ऐकून स्पेनचे विख्यात पियानोवादक व संगीतरचनाकार इसाक अल्बेनिस थक्क झाले. त्याला आपल्याबरोबर लंडनला न्यावे अशी त्यांची इच्छा होती. आईने मूल लहान आहे म्हणून नकार दिला. तेव्हा अल्बेनिस यांनी माद्रिदचे काउंट मॉर्फी यांच्या नावे एक पत्र दिले. मॉर्फी हे राज्यकारभार पाहणाऱ्या राणी मारिया क्रिस्तिना यांचे खाजगी चिटणीस. १८९३ मध्ये संगीतशाळेतून सन्मानाने उत्तीर्ण झाल्यावर ते पत्र उपयोगी पडले. राणीने दरमहा २५० पेसेतांची वृत्ती बांधून दिली. आई धाकट्या दोघा मुलांना कडेवर-हाताशी घेऊन पाब्लोबरोबर माद्रिदला राहिली. मॉर्फी यांनी त्याला केवळ संगीत शिकू दिले नाही. इतिहास, साहित्य, चित्रसंग्रहालयातील चित्रे, पार्लमेंटातील भाषणे, सर्व काही पाहावयास व वाचावयास लावले आणि पाहिलेल्याचे टिपण लिहून घेतले. तोमास ब्रेतोन यांच्याकडे रचनाशास्त्राचे आणि मोनास्तेरिओ यांच्याकडे सहवादनाचे शिक्षण झाले. उत्तम शिक्षक म्हणजे काय, हे कासाल्स यांना मॉर्फी व मोनास्तेरिओ यांच्यामुळे तरुणपणीच कळले.

वाईट शिक्षकाचा नमुना १८९५ मध्ये ब्रुसेल्सला भेटला. तेथील संगीतविद्यालयात त्याला पुढील शिक्षणासाठी पाठविले होते. चेलोच्या वर्गात प्राध्यापकांनी या बुटक्या, परगावच्या पोराची सर्वांदेखत टिंगल केली. तुला सर्वच येत असेल, नाही का, अशा सुरात एकेका रचनेचे नाव घेऊन विचारले आणि वर्ग खिदळला. नंतर पोराने वाजविले. वर्ग स्तब्ध झाला. प्राध्यापकांनी आत बोलावून प्रवेशच काय, पहिले पारितोषिकही देऊ केले. अपमान विसरण्याची तयारी नसलेल्या पाब्लोने ते नाकारले आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसची गाडी धरली. आज्ञाभंगामुळे वृत्ती बंद झाली. पॅरिसच्या एका करमणुकीच्या नाटकगृहात दुय्यम चेलोवादकाची नोकरी त्याने पत्करली. ट्रामचे पैसे वाचवावे म्हणून वाद्य घेऊन तो पायी जाई. आईने शिवणकाम केले. एके दिवशी ती आपले लांब, सुंदर केस कापून विकून आली. मुलगा आजारी पडला आणि सर्वांना बार्सेलोनास परतावे लागले.

ब्रुसेल्समधील तो नकार शहाणपणाचा होता काय? व्यवहार पाहिला तर नव्हता. त्याची किंमत आईला केस देऊन मोजावी लागली. पण हा माणूस पुढे आयुष्यभर ज्या एका शब्दासाठी ओळखला गेला, तो नाही हा शब्द त्याने प्रथम येथे उच्चारला. त्या शब्दाचे मूळही आईतच असावे. पुढे धाकट्या एन्रिकवर लष्करी सेवेची पाळी आली, तेव्हा तू कोणाला मारण्यासाठी किंवा मरण्यासाठी जन्मलेला नाहीस असे सांगून पिलारबाईंनी त्याला देशाबाहेर धाडले होते.

१८९६ मध्ये दैव पालटले. गार्सिया अर्जेंटिनाला निघाले होते. त्यांच्या संगीतशाळेतील जागेवर त्यांच्याच शिष्याची नेमणूक झाली. कासाल्स विसाव्या वर्षी शिक्षक झाले. शिवाय लिसेउ या मोठ्या संगीतनाट्यगृहात प्रमुख चेलोवादकाची जागा मिळाली. राणीची मर्जीही पुन्हा बसली. तिने दिलेले नीलमाचे रत्न त्यांनी आपल्या गजात बसवून घेतले. १८९९ मध्ये इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढे त्यांचे वादन झाले, आणि त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये संचालक शार्ल लामुरो यांच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी लालो यांचा कन्चेर्तो वाजविला. तेथून पुढे कीर्तीची पायवाट राजरस्ता झाली. १९०१ च्या अमेरिका दौऱ्यात सान फ्रान्सिस्कोजवळच्या डोंगरावर एक दगड गडगडत येऊन डाव्या हातावर आदळला. बोट चेचले. आता वाजवावे लागणार नाही, हा पहिला विचार मनात आला आणि त्याने हायसे वाटले, असे ते पुढे सांगत. सभेत वाजविण्याची भीती त्यांना अखेरपर्यंत सोडून गेली नाही. हे ऐकून अनेक नवशिक्यांना धीर येईल. हात काही महिन्यांत बरा झाला. १९०४ च्या जानेवारीत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापुढे व्हाइट हाउसमध्ये त्यांचे वादन झाले.

१९०५ पासून पियानोवादक आल्फ्रेड कोर्तो आणि व्हायोलिनवादक झाक तिबो यांच्यासह त्यांनी जे त्रिकूट चालविले, त्याच्या ध्वनिमुद्रिका आजही रसिक जपून ठेवतात. पोर्तुगीज चेलोवादिका गिलेर्मिना सुज्जिया या त्यांच्या शिष्या काही वर्षे त्यांच्या सहचरी होत्या. १९१४ मध्ये अमेरिकन गायिका सुझान मेटकाफ यांच्याशी झालेला विवाह सुखाचा ठरला नाही. १९२८ मध्ये दोघे विभक्त झाली.

पहिल्या महायुद्धानंतर कासाल्स हवे तेथे राहू शकत होते. ते बार्सेलोनास परतले आणि १९२० मध्ये स्वतःच्या पैशाने तेथे वाद्यवृंद उभा केला. वादकांना त्या शहरात मिळणारे वेतन इतके तुटपुंजे होते की, त्यांना दिवसभर इतर कामे करावी लागत. कासाल्स यांनी ते दुप्पट केले. शहरातील प्रतिष्ठितांनी पाठ फिरविली. सात वर्षे तूट येत राहिली आणि चेलोच्या दौऱ्यांतून मिळालेला पैसा तिच्यात ओतला गेला. पण त्यांच्या मनाला टोचत होते ते दुसरेच. तिकीट घेऊ शकणारेच ऐकावयास येत होते. म्हणून १९२६ मध्ये श्रमिकांच्या संगीतसभेची स्थापना झाली. मासिक मिळकत ५०० पेसेतांहून कमी असलेल्यालाच तिचे सभासद होता येई. वर्गणी वर्षाला ६ पेसेता. रविवारी सकाळी कार्यक्रम होत. पहिल्या कार्यक्रमानंतर गिरणीतले, बंदरातले हजारो कामगार उभे राहून कासाल्स यांच्या नावाचा घोष करीत होते. पुढे या सभेने स्वतःचे मासिक काढले, संगीतशाळा काढली, आणि स्वतःचे ग्रंथालयही उभारले. वर्गणी गोळा करून संस्था चालविणे म्हणजे काय असते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कामाचे मोल त्यांच्या गाजलेल्या दौऱ्यांहून अधिक वाटेल.

१९३१ मध्ये स्पेनमध्ये प्रजासत्ताक आले. कासाल्स त्याचे निष्ठावंत पाठीराखे होते. त्याच वर्षी आई गेली. तेव्हा ते दौऱ्यावर होते. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी त्या देशात वाजविणे सोडले. मुसोलिनीच्या इटलीतही ते गेले नाहीत. १८ जुलै १९३६ च्या संध्याकाळी बार्सेलोनात बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू होती. अखेरचा भाग सुरू व्हावयाचा होता, इतक्यात निरोप आला : लष्कराने बंड केले आहे, सर्वांनी ताबडतोब घरी जावे. कासाल्स यांनी वादकांना व गायकांना वस्तुस्थिती सांगितली आणि विचारले की, निरोप घेण्यापूर्वी शेवटचा भाग पुरा करावयाचा काय. सर्वांनी होकार दिला. मानवाच्या बंधुत्वाचे ते गाणे संपले तेव्हा सर्वांचे डोळे भरून आले होते. त्यानंतर लोक पांगले, ते यादवी युद्धात.

त्या तीन वर्षांत युद्धग्रस्तांसाठी त्यांनी जागोजाग कार्यक्रम केले. याच काळात, १९३६ ते १९३९ दरम्यान, लंडन व पॅरिस येथे त्यांनी बाखच्या सहाही सुइटचे ध्वनिमुद्रण केले. ते यंत्रदृष्ट्या जुने झाले आहे. आवाजात खरखर आहे. बाखचे संगीत त्याच्या काळी कसे वाजवीत असतील याविषयीची आजची मते निराळी आहेत. तरीही चेलोवादक अजून तेथूनच आरंभ करतात.

१९३९ च्या आरंभी बार्सेलोना पडले. सुमारे ५ लक्ष निर्वासितांचा लोंढा पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये आला. कासाल्सही आले आणि सरहद्दीजवळच्या प्राद या गावी राहिले. तेथील लोकांची बोली कातालान, आणि समोर कानिगू पर्वत. हद्दपार माणसाला तेवढाच दिलासा. निर्वासितांना समुद्रकाठच्या तारेच्या कुंपणांत कोंडले होते. वाळूत झोपणे, थंडी, रोगराई, उपासमार. कासाल्स छावण्यांतून हिंडले. जगभरच्या ओळखीच्या लोकांना पत्रे लिहून पैसा, कपडे, औषधे मागविली. प्रत्येक कुटुंबाला स्वहस्ताक्षरात पत्र पाठविण्याचा परिपाठ ठेवला. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर अमेरिकेस निघून जाणे त्यांना शक्य होते. ते गेले नाहीत. जर्मन अधिकारी घरी येऊन त्यांना बर्लिनला वाजविण्याचे सन्मानाचे आमंत्रण देऊन गेले, तेही त्यांनी स्वीकारले नाही. निदान आता आम्हांला काही ऐकवा म्हटल्यावर खांदा दुखत असल्याचे सांगितले.

१९४५ मध्ये युद्ध संपले. हिटलर आणि मुसोलिनी गेले, तसा त्यांच्या मदतीने गादीवर बसलेला फ्रँकोही जाईल असे सर्व निर्वासितांना वाटत होते. कासाल्स इंग्लंडात वाजवावयास गेले; सभागृहे तुडुंब भरली. पण ब्रिटन व इतर विजेत्या राष्ट्रांनी फ्रँकोशी संबंध तोडले नाहीत. हे स्पष्ट होताच त्यांनी ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांच्या सन्माननीय पदव्या नाकारल्या, ठरलेले कार्यक्रम रद्द केले, आणि फ्रँकोच्या राजवटीला मान्यता देणाऱ्या कोणत्याही देशात यापुढे जाहीर वादन करणार नाही असे जाहीर करून ते प्रादला परतले. त्या वेळी ते ६८ वर्षांचे होते. हात शाबूत होते, कला परिपक्व होती. कलावंताजवळ जे एकच शस्त्र असते ते त्यांनी खाली ठेवले, आणि ते खाली ठेवणे हाच प्रहार मानला.

या मौनाने फ्रँकोच्या केसालाही धक्का लागला नाही. तो आणखी तीस वर्षे राज्य करीत राहिला. नुकसान झाले ते श्रोत्यांचे आणि कासाल्स यांचे. असे असूनही ते व्यर्थ होते असे म्हणवत नाही. राष्ट्रे सोयीसाठी जे विसरू पाहत होती, ते एका न वाजणाऱ्या चेलोमुळे त्यांना विसरता येईना.

जाहीर वादन थांबले, पण शिकविणे थांबले नाही. उलट याच काळात त्यांच्यातील शिक्षक पूर्णत्वाला पोहोचला. त्यापूर्वी पॅरिसच्या एकोल नोर्माल विद्यालयात त्यांनी वर्ग घेतले होते; गास्पार कासादो, मॉरिस आयझेनबर्ग यांच्यासारखे शिष्य तयार केले होते. आता जगाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण वादक प्रादची वाट धरू लागले. बर्नार्ड ग्रीनहाउस या अमेरिकन तरुणाला भेटीची परवानगी मिळाली ती एका अटीवर : आधी स्पेनमधील पीडितांच्या मदतकार्यास देणगी द्यावी. गुरुदक्षिणा आधी, विद्या नंतर! ग्रीनहाउस यांना बाखची एक सुइट शिकवताना कासाल्स यांनी गजाचा प्रत्येक फेर आणि बोटांची प्रत्येक जागा हुबेहूब आपल्यासारखी घ्यावयास लावली. शिष्य काही आठवडे घोटीत राहिला. नक्कल इतकी तंतोतंत झाली की दोघे एकत्र वाजवीत तेव्हा एकच वाद्य वाजल्यासारखे वाटे. मग गुरूंनी त्याला समोर बसवून तीच सुइट वाजविली, आणि सारे गज, साऱ्या जागा बदलून टाकल्या. तरी रचना तितकीच सुंदर. बाख कसा वाजवावा याचा पाठ आता पुरा झाला, असे त्यांनी शिष्याला सांगितले. आपल्या घराण्यांतील तालीमही याहून वेगळी काय असते? आधी गुरूच्या गळ्याची सही सही नक्कल, आणि मग तिच्यातून सुटका.

त्यांच्या शिकवणीत सुराला अग्रस्थान होते. पियानोच्या पट्ट्यांवर कायमचे बांधलेले सूर त्यांना पुरेसे वाटत नसत. चढत्या ओळीतील स्वर पुढच्या स्वराच्या ओढीने किंचित वर सरकतो, उतरत्या ओळीत तो खाली झुकतो. ही ओढ बोटाने दाखविलीच पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. श्रुतींचा विचार करणाऱ्या आपल्या संगीतकारांना हे ओळखीचे वाटेल. दुसरी गोष्ट, एकही स्वर मेलेला नसावा. लांबलेला स्वर वाढला पाहिजे किंवा मावळला पाहिजे. एकच स्वर पुन्हा आला तर तो तसाच येता कामा नये.

चुका मोजणे त्यांना आवडत नसे. चेलोवादक पियातिगोर्स्की तरुणपणी प्रथम त्यांच्यापुढे वाजवावयास बसले तेव्हा घाबरून त्यांचे वादन बिघडले. कासाल्स यांनी तोंडभर स्तुती केली. हा ढोंगीपणा आहे असे वाटून पियातिगोर्स्की दुखावले. पुष्कळ वर्षांनी, मैत्री झाल्यावर, त्यांनी हे बोलून दाखविले. तेव्हा कासाल्स संतापून चेलोशी धावले आणि त्या दिवशीच्या वादनातील एकेक बोट, एकेक गज त्यांना वाजवून दाखविला : हे तू असे घेतले होतेस, ते मला नवे होते, हा गज तू उलटा मारलास, तो सुंदर होता. एखादा स्वर जरी शिकावयास मिळाला तरी ऋणी असावे, दोष मोजण्याचे काम अडाण्यांना सोडून द्यावे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ब्रुसेल्सचा वर्ग ते विसरले नसावेत.

१९५० हे बाखच्या मृत्यूचे द्विशताब्दी वर्ष. गुरू येत नाहीत तर आपणच त्यांच्याकडे जाऊ, असा विचार व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर यांनी मांडला. प्रादच्या चर्चमध्ये महोत्सव ठरला. रुडॉल्फ सेर्किन, आयझॅक स्टर्न, योसेफ सिगेटी, क्लारा हास्किल असे वादक त्या आडगावी गोळा झाले. चर्चमध्ये टाळ्या वाजवावयाच्या नाहीत अशी बंदी होती. श्रोते नुसते उठून उभे राहिले. हा महोत्सव पुढे दरवर्षी भरू लागला. तेथेच १९५८ मध्ये एक हृद्य भेट झाली. जुने मित्र कोर्तो युद्धकाळात जर्मनधार्जिण्या व्हिशी सरकारात सामील झाले होते. युद्धानंतर ते प्रादला येऊन क्षमा मागून गेले होते, आणि कासाल्स यांनी ती दिली होती. आता दोन वृद्धांनी बेथोव्हेन एकत्र वाजविला. राजवटीशी तडजोड न करणाऱ्या माणसाने माणसाशी मात्र समेट केला.

१९५५ मध्ये ते आईच्या जन्मभूमीस, पोर्तो रिकोस, प्रथम गेले आणि नंतर तेथेच स्थायिक झाले. १९५७ मध्ये तालमीच्या वेळी हृदयविकाराचा झटका आला. त्याच वर्षी ऐंशीव्या वर्षी त्यांनी विशीतील शिष्या मार्ता मोंतान्येस यांच्याशी विवाह केला. लोकांनी भुवया उंचावल्या. मार्ताबाईंनी मात्र शेवटपर्यंत साथ दिली. बेटावर वार्षिक महोत्सव, १९५८ मध्ये वाद्यवृंद आणि १९५९ मध्ये संगीतविद्यालय, अशा तीन संस्था त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिल्या. उन्हाळ्यात ते अमेरिकेतील मार्लबरो येथे तरुणांचा वाद्यवृंद चालवीत.

अमेरिकेने फ्रँकोला मान्यता दिलेली होती. मग तेथील वादनाचे काय? २४ ऑक्टोबर १९५८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी वाजविले ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात, म्हणजे कोणा एका देशाच्या भूमीवर नव्हे. १३ नोव्हेंबर १९६१ रोजी अध्यक्ष केनेडी यांच्या आमंत्रणावरून व्हाइट हाउसमध्ये झालेल्या वादनाला मात्र असा आडोसा नव्हता. केनेडी यांच्याविषयीचा आदर म्हणून हा अपवाद आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. काही हद्दपार बांधवांना तो रुचला नाही, आणि त्यांचे दुःख समजण्यासारखे आहे. व्रताला एक भगदाड पडले खरे. त्या श्रोत्यांत थिओडोर रूझवेल्ट यांची कन्या अॅलिस होत्या. १९०४ च्या मैफलीलाही त्या हजर होत्या. याच वर्षांत त्यांनी प्रादला लिहिलेली ख्रिस्तजन्मावरील मोठी गायनरचना, एल पेसेब्रे, घेऊन ते देशोदेशी शांततेसाठी हिंडले. रचनाकार म्हणून त्यांची थोरवी बेताची. पण त्या दौऱ्यांमागची तळमळ खरी होती.

प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी ते पक्ष्यांचे गाणे ही कातालान लोकधून वाजवीत. हद्दपारीत ती त्यांच्या देशाची जणू खूण झाली होती. २४ ऑक्टोबर १९७१ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, संयुक्त राष्ट्रसंघात त्यांनी ती अखेरची वाजविली. कवी ऑडेन यांच्या शब्दांना त्यांनी चाल दिलेले संघाचे स्तोत्र त्या दिवशी गायिले गेले आणि महासचिव ऊ थांट यांनी त्यांना शांतता पदक दिले. सभेपुढे बोलताना त्यांनी आपल्या लहानशा कातालोनियाची थोर परंपरा सांगितली. बोटे थरथरत होती. सूर हलत होते.

रोज सकाळी उठल्यावर पियानोवर बाख वाजविण्याचा आणि नंतर चेलोचा सराव करण्याचा क्रम त्यांनी शेवटच्या वर्षापर्यंत सोडला नाही. २२ ऑक्टोबर १९७३ रोजी सान हुआन येथे ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. फ्रँको तेव्हा जिवंत होता. तो २० नोव्हेंबर १९७५ रोजी वारला. लोकशाही परत आल्याखेरीज स्पेनमध्ये राहावयास परतावयाचे नाही हा निर्धार देहानेही पाळला. १९७९ च्या नोव्हेंबरात त्यांचे अवशेष पोर्तो रिकोहून आणून एल वेंद्रेलच्या दफनभूमीत ठेवण्यात आले.